उमेगाहाताचा करडा दगड

आमच्या दुकानातला दगड जानेवारीत थंडीने फुटला. कुणाचा दोष काढायचाच झाला तर तो माझ्या नवऱ्याच्या हेक्याचा आहे, माझा नाही. वस्तऱ्यांना धार लावायचा तो दगड सेइकिचीच्या वडिलांपासून घरात होता, आणि सेइकिचीशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही असा घरचा कायदा होता. एका सोमवारी, दुकान बंद असताना, मागच्या ओसरीवर धार लावत बसलेला तो पोट धरून आडवा झाला. शेजाऱ्यांनी उचलून त्याला क्योतोच्या इस्पितळात नेलं. दगड तसाच पाण्याच्या परातीत राहिला. ज्या वस्तूला बावीस वर्षं हात लावला नाही तिची आठवण मला कुठून येणार? परत येऊन पाहिलं तर परातीतलं पाणी गोठलेलं, आणि दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले.

आमचं केशकर्तनालय सोनोबेत, देवळाच्या उतारावर. दोन खुर्च्या. एका खुर्चीवर तो पुरुषांची दाढी करायचा, दुसरीवर मी बायकांची मान आणि चेहरा. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीची लव काढतात. मानेवर, कानांमागे, कपाळाच्या कडेला. लग्नात चेहऱ्याला आणि मानेला लावायचा पांढरा रंग नीट बसायला हवा म्हणून. आजूबाजूच्या पाच गावांतल्या नवऱ्या माझ्या हाताखालून गेल्यात, आणि माझा हात हलका आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. पण त्या हातातल्या वस्तऱ्याला धार कायम सेइकिचीची होती. मी फक्त चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा उलटसुलट फिरवायची. पट्ट्याने धार जागी होते, नवी येत नाही.

लोकांसमोर मी त्याला अहो म्हणायची. मनात मात्र तो कायम सेइकिचीच होता, म्हणून इथेही तसंच लिहिते.

डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि परत शिवलं. मला बाजूच्या खोलीत बोलावून सांगितलं की उन्हाळा, म्हणजे आमच्याकडचा जून, दिसणार नाही. त्याला सांगितलं की अल्सर होता, आता बरं वाटेल. ही रीतच आहे. घरच्यांना सांगायचं, आजाऱ्याला नाही. मी मान डोलावली, बाहेर आले, आणि त्याला म्हणाले, ‘‘अल्सर होता म्हणे. तुमच्या त्या लोणच्यांनी केलेलं आहे सगळं.’’

‘‘मग आता लोणचं बंद?’’

‘‘बंद.’’

‘‘त्यापेक्षा मेलेलं बरं,’’ तो म्हणाला. मी हसले. हसायला काय लागतं?

घरी आणल्यावर फुटका दगड त्याला दाखवणं भाग होतं. पापुद्रे हातात घेऊन त्याने ते एकमेकांवर बसवून पाहिले. वडील वारले तेव्हासुद्धा मी त्याचा चेहरा तसा पाहिला नव्हता. तोवर दुकानातले वस्तरे बोलायला लागले होते. गिऱ्हाईक तोंडाने काही म्हणत नाही, पण वस्तरा ओढायला लागला की खुर्चीवरच्या माणसाच्या पायाची बोटं आखडतात. चपलेतली ती बोटं मला आरशात दिसायची. एका नवरीच्या मानेवर लाल पट्टा उठला, तेव्हा मी घाबरले. कारखान्यातला दगड गावात मिळायचा. त्याने धार येते, नाही असं नाही, पण ती धार कातडीला चावते. डोंगरातल्या दगडाची धार केसाला तीक्ष्ण आणि कातडीला मऊ. हे मला कुणी शिकवायला नको होतं, मी ती रोज वापरत होते.

खरी गोष्ट एवढीच होती. सेइकिचीच्या हयातीत माझ्या हाताला धार लावता यायला हवी होती. लागलेली धार बरोबर की चूक हे सांगणारा गावात तो एकटाच होता, आणि उन्हाळा लागेपर्यंत तोही नसणार होता. आणि ते मला त्याच्याकडूनच शिकायचं होतं, का शिकायचं ते त्याला कळू न देता.

पण तो कसला शिकवतोय!

‘‘तू फक्त दगड घेऊन ये,’’ तो अंथरुणातून म्हणाला. ‘‘धार मी लावीन. महिनाभरात उठतोच आहे.’’

‘‘तोवर मी थोडी लावून बघते ना.’’

‘‘नवरींच्या माना सोडून तुला हे कशाला? दगडाची चाळण होईल.’’

मग दगड कसा घ्यायचा ते मात्र त्याने मला तीन दिवस सांगितलं. आमच्या गावच्या पुजाऱ्याचं प्रवचनही एवढं लांबत नाही. आधी कडेवरच्या रेघा बघ. प्रत्येक रेघेवरून नख ओढ. नख अडखळलं तर तिथे वाळू आहे, तो दगड वस्तऱ्याला दात पाडील. पाणी शिंपड. घटाघटा प्यायला तर मऊ, अजिबात नाही प्यायला तर काच. सावकाश प्यायला हवा. पाठीवरची डोंगराची साल कुणी खरवडली नाही ना ते पाहा; सालीवरून तो कुठल्या थरातला ते कळतं. बाजूंना लाख चढवलेली असेल तर उजेडात धर, लाखेखाली भेग लपवतात. आणि रंग आपल्यासारखा आण, अंड्याच्या पिवळ्या बलकाचा. आपल्या दगडाचा भाऊ आण.

‘‘आणि एक,’’ तो म्हणाला. ‘‘उमेगाहाताचा तो दगडवाला कुसाका म्हातारा छोट्या दगडाने घासून वर दूध, म्हणजे दगडाचा पांढुरका गाळ, काढील. दुधावर कुठलाही दगड गोड लागतो. दूध धुऊन टाकायचं, नुसत्या पाण्यावर बघायचं. नवशिके तिथेच फसतात.’’

मार्चच्या सुरुवातीला मी शेजारणीला त्याच्यापाशी बसवलं आणि गाडीने, मग बसने उमेगाहाताला गेले. बरोबर माझा नवरीचा वस्तरा घेतला. डोंगराच्या पायथ्याला देवदाराचे सोललेले बुंधे वाळत उभे होते, त्यांच्या मागे कुसाकाची पत्र्याची शेड. वरच्या खाणी एकेक करून बंद होत होत्या. प्लास्टिकच्या दांडीचं दाढीयंत्र आल्यावर वस्तऱ्याचा दगड घेणार कोण? शेडमध्ये मात्र दगडांच्या इतक्या राशी होत्या की म्हाताऱ्याला बसायला जेमतेम जागा उरली होती.

‘‘सोनोबेच्या सेइकिचीची बायको का तू?’’ कुसाका म्हणाला. सत्तरी ओलांडलेली, भुवया अशा की विंचरायला हव्यात. ‘‘तुझा सासरा इथे आला होता. माझ्या बापाचा सगळा चहा संपवला, संध्याकाळपर्यंत बसला आणि एक दगड घेऊन गेला. नवरा कुठाय?’’

‘‘बरं नाही त्यांना.’’

‘‘मग बरा झाला की पाठव. दगड दुसऱ्याकरवी आणवायची वस्तू नाही.’’

‘‘आजोबा, मी गाडीने आणि बसने आलेय. निदान चहा तरी विचारा.’’

तो हसला. सातूचा गरम चहा दिला, आणि मागून एकेक दगड आणून लाकडी फळीवर मांडायला लागला. मीही काही कमी नव्हते. पहिल्याच्या रेघेत नख अडकलं. दुसरा पाणी असं प्यायला की शिंपडलेला थेंब बघता बघता गेला. तिसऱ्याच्या कडेला लाख चढवलेली होती. दाराशी नेऊन तिरपा धरला तर लाखेखाली केसाएवढी भेग.

‘‘ही लपवलीत होय?’’

‘‘लपवली नाही, बांधली,’’ म्हातारा म्हणाला, पण दगड मुकाट्याने मागे नेला. त्यानंतर त्याच्या बोलण्यातलं ‘तू’ जाऊन ‘मालकीणबाई’ आलं.

मग त्याने पिवळा आणला. फडक्यातून बाहेर आला तसा मी तो दोन्ही हातांत घेतला. आमच्याच दगडाचा भाऊ. तोच बलकाचा रंग, तीच पाठीवरची तपकिरी साल, जुना काळा शिक्का. रेघा नावालाही नव्हत्या. पाणी सावकाश प्यायला. कुसाकाने छोटा दगड घासून वर दूध काढलं आणि मला म्हणाला, ‘‘लावा.’’

मी लावली. बावीस वर्षं ओसरीच्या दारातून बघितलेलं हातांत कुठेतरी बसलेलं असतं. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून सपाट ठेवायचं, पुढे ढकलायचं, पाठीवर पलटायचं, मागे आणायचं. थोड्या वेळाने माझ्याच डोक्यातला एक केस उपटून धारेवर टाकला. तुटून पडला.

‘‘झालं तर,’’ कुसाका दोरी शोधायला लागला. ‘‘बांधून देतो.’’

‘‘थांबा. दूध धुवायचंय.’’

त्याने भुवया वर केल्या. दगड धुतला. वस्तऱ्याची धार फळीच्या कडेवर हलकेच फिरवून मोडली आणि नुसत्या पाण्यावर पुन्हा लावायला घेतली. आता हाताला काहीच लागेना. बर्फावरून घसरावा तसा वस्तरा नुसता जात होता. मघा जे काम झालं ते छोट्या दगडाच्या दुधाने केलं होतं, पिवळ्याने नाही. मी हात दाबून पाहिला, तर धार एका बाजूला कलली. पुन्हा हलका केला, पुन्हा घसरला.

‘‘दगडात खोट आहे,’’ मी म्हणाले.

‘‘दगडात काडीची खोट नाही.’’ कुसाकाने वस्तरा माझ्या हातातून घेतला आणि तीन-चार वेळा फिरवला. खर्र खर्र असा दबका आवाज आला. केस टाकला, तुटला. ‘‘पाहिलंत? कडक दगड आहे, त्याला भार लागतो. तुमच्या नवऱ्याचा, सासऱ्याचा हात त्याला बरोबर बसेल. तुमचा हात नवरीच्या मानेवरचा. या दगडाला तो कळायचाच नाही.’’

‘‘पण ह्यांनी असाच सांगितलाय.’’

‘‘मालकीणबाई, दगड कुणाच्या हातासाठी घेताय?’’

साधा प्रश्न होता. दुकानदार विचारतो तसाच. पिवळा घेऊन घरी गेले असते तर सेइकिची खूश झाला असता, उशाशी ठेवून रोज त्याच्यावरून हात फिरवला असता, आणि आम्ही दोघांनी मिळून तो उठायची वाट पाहिली असती. आणि तो गेल्यावर माझ्याकडे एक सुंदर दगड असता, ज्याला माझा हात कळत नाही. दुसरा घेतला तर दारातून आत जाताच त्याला समजणार, की हिला माहीत आहे. इस्पितळात माझ्या तोंडून जे निघालं नाही ते दगड सांगणार. मला डॉक्टरचा राग आला, रीतीचा आला, समोरच्या म्हाताऱ्याचा तर इतका आला की त्याच्या भुवया ओढाव्यात असं वाटलं. आणि मी तिथेच दगडांच्या राशीवर बसून रडायला लागले.

कुसाकाने समजूत घातली नाही. चहा पुन्हा गरम केला. मग शेडच्या मागच्या कोपऱ्यातून, खालच्या ढिगातून, एक दगड ओढून काढला. करडा. एक कोपरा गेलेला, अंगावर काळे डाग, बाजू वेड्यावाकड्या.

‘‘हा कोणी घेत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘कारागीर लोक रंगाचे भुकेले. तोंड बघूनच परत ठेवतात. लावून बघा. नुसत्या पाण्यावर.’’

मी रेघा तपासल्या. नख कुठेच अडलं नाही. पाणी सावकाश प्यायला. वस्तरा टेकवला आणि ढकलला, तर दगडाने तो धरला. ओलसर, मऊ अशी पकड होती ती. हात आपोआप हलका झाला. पाण्यात हळूहळू काळसर रेष उतरायला लागली. ते पोलाद होतं, माझ्या वस्तऱ्याचं, माझ्या हाताने सुटलेलं. केस टाकायची गरज नव्हती, पण टाकला.

‘‘बांधा,’’ मी म्हणाले.

परतीच्या गाडीत तो मांडीवर घेऊन बसले होते. तान्ह्या पोराएवढं वजन होतं त्याचं. घरी काय बोलायचं ते जुळवत होते, आणि सोनोबे येईपर्यंत एक वाक्य धड जुळलं नाही.

सेइकिची उशांना टेकून बसलेला होता. आज दगड येणार म्हणून शेजारणीकडून अंगातला सदरा बदलून घेतला होता. मी गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने दोरी सोडली, फडकं उलगडलं, आणि थांबला.

‘‘हे काय आणलंस?’’

‘‘दगड.’’

‘‘मी पिवळा सांगितला होता. नव्हता त्याच्याकडे?’’

‘‘होता.’’

‘‘महाग सांगितला?’’

‘‘नाही.’’

मग मान खाली घालून त्याने दगड तपासायला घेतला, जसा दुसऱ्या कुणाचा तपासला असता तसाच. रेघांवरून नख. कानापाशी धरून बोटाच्या पेराने टिचकी. चहाच्या पेल्यातला थेंब बोटावर घेऊन दगडावर, आणि तो जिरेपर्यंत वाट. त्याची बोटं पेन्सिलीसारखी बारीक झाली होती. शेवटी त्याने तळवा दगडावर सपाट ठेवला आणि थोडा भार दिला.

‘‘हा माझ्या हाताचा नाही,’’ तो म्हणाला.

‘‘नाही.’’

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत उतारावरून गेलं.

‘‘डॉक्टर काय म्हणाला?’’

‘‘उन्हाळा दिसणार नाही म्हणाला.’’

‘‘आणि तू दीड महिना एकटीच घेऊन बसलीस?’’ तो म्हणाला. ‘‘वेडी कुठली.’’

मी त्याच्या मांडीवर, त्या दगडावरच डोकं ठेवलं. त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. त्या बावीस वर्षांत आम्ही एकमेकांशी एवढं स्पष्ट कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून तो मला शिकवायला लागला, आणि शिकवताना त्याच्या जिभेला हाड नव्हतं. मी अंथरुणाशेजारी बसायची, तो डोळे मिटून ऐकायचा. ‘‘मुळा किसतेस का?’’ ‘‘टोकाकडे भार गेला, ऐकू येतंय मला.’’ ‘‘आता बरं. आता बिघडलं.’’ माझ्या तोंडाचा पट्टाही काही थांबायचा नाही. एकदा मी दगड उचलून चालू पडले, तर म्हणाला, ‘‘जा, जा. उद्या नवरीला सांग, माझ्या नवऱ्याने शिव्या दिल्या म्हणून तुझी मान अशी झाली.’’ परत येऊन बसले.

मार्चच्या अखेरीला त्याने विषय काढला. ‘‘तोफूवाल्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवतो?’’

आठवत होता. मुलाने घाईत दाढी केली होती, बापाच्या प्रेताची. जिवंत माणसाला वस्तरा लागला तर दोन दिवसांत भरून येतं. मेलेल्याची कातडी भरून येत नाही. तिथे नुसतं खरचटलं तरी जागा वाळते आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी पडते. शेवटचं दर्शन घ्यायला आलेल्या सगळ्या गावाने म्हाताऱ्याच्या गालावरचे ते डाग पाहिले होते, आणि मुलगा मान वर करत नव्हता.

‘‘मोरिगुची येईल,’’ सेइकिची म्हणाला. स्टेशनजवळचा न्हावी. आमच्यात कुणी गेलं की धंद्यातला दुसरा येऊन त्याची दाढी करतो, तसा न्हाव्यांच्या संघाचा नियमच आहे. ‘‘माणूस चांगला आहे. पण कारखान्याच्या दगडावर लावतो. त्याला करू देऊ नकोस. तू कर.’’

‘‘माझ्याने नाही व्हायचं.’’

‘‘आत्ता होणार नाही. म्हणून आत्तापासून माझीच करायची. रोज. मेलो की बोलणार नाही, तेव्हा काय सांगायचं ते आत्ताच सांगून ठेवतो.’’

म्हणून मी रोज सकाळी त्याची दाढी करायला लागले. गरम टॉवेल ठेवू देईना. म्हणाला, तेव्हा गरम टॉवेल नसणार, केस मऊ होणार नाहीत, तशीच कर. कोमट पाण्याचा फेस आणि माझी धार, बस्स. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. ‘‘कानाखाली ओढलंस.’’ मग, ‘‘हनुवटीच्या खळीत दोनदा गेलीस. दोनदा जायचं नाही, तिथेच खरचटतं.’’ मग, ‘‘माझी मान तू वळवतेस. तेव्हा मान कडक असेल. तू वळ.’’ हे असं ऐकत वस्तरा चालवायचा म्हणजे काय, ते दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. रोज दाढी झाली की मी ओसरीवर जाऊन करड्या दगडावर पुन्हा बसायची. रडत असले की हात जड व्हायचा आणि आवाज बदलायचा, आणि आतून तो ओरडायचा, ‘‘आधी नाक पूस!’’

एप्रिलच्या मध्याला एक सकाळ अशी आली की तो काहीच बोलला नाही. मी पूर्ण चेहरा केला, फेस पुसला, वाट पाहत बसले.

‘‘अहो, सांगा ना. कुठे ओढलं?’’

‘‘केलीस का?’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, अजून फेसच लावतेयस.’’

थट्टा होती की खरं, ते मी विचारलं नाही. त्याने गालावरून हात फिरवला, उलटा, हनुवटीपासून कानाकडे, आणि डोळे मिटले.

मेमध्ये भातशेतांत पाणी सोडतात, त्याच्या आधी एका पहाटे तो गेला. मी शेजारीच होते. फार त्रास झाला नाही, किंवा झाला तो आधीच होऊन गेला होता.

उजाडल्यावर मोरिगुची आला. काळा कोट, हातात धंद्याची पेटी, डोळे लाल. रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि पेटी उघडायला बसला.

‘‘मोरिगुचीभावजी,’’ मी म्हणाले, ‘‘बसा. मी करणार आहे.’’

‘‘वहिनी, घरच्याने करू नये. हात कापतो. मी नाही का?’’

‘‘त्यांनीच सांगितलंय.’’

तो पेटी मांडीवर घेऊन सेइकिचीच्या पायांशी बसला, आणि ती त्याने शेवटपर्यंत उघडली नाही.

मेलेल्यासाठी पाणी उलटं करतात. आधी थंड घ्यायचं, मग त्यात गरम ओतायचं. मी तसं केलं. आदल्या संध्याकाळीच धार लावून ठेवली होती. का ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. फेस लावला. त्याची दाढी फार दाट. सकाळी केली की दिवे लागायच्या वेळेला गाल परत निळसर. मान वळवली नाही, मीच वळले. खळीत एकदाच गेले. पायाची बोटं आखडतात का ते बघायला मी सवयीने मान फिरवली, आणि मग आठवलं. मागे मोरिगुची हुंदके देत होता. हात कापला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शवपेटीचं झाकण लावायच्या आधी गाव शेवटचं दर्शन घ्यायला आलं. माझा जीव टांगणीला लागला होता. कातडी वाळायला एक रात्र पुरते. मी सगळ्यांच्या आधी वाकून पाहिलं, खिडकीच्या उजेडात, जसा दगड पाहायचा तसा. कुठे रेघ नाही, कुठे डाग नाही. तोफूवाल्याचा मुलगा बराच वेळ चेहऱ्याकडे बघत उभा राहिला आणि मग माझ्यापुढे वाकला. मोरिगुची पुढे आला, बोटांची पाठ गालावरून उलटी फिरवली, हनुवटीपासून कानाकडे.

‘‘धार यांनीच लावून ठेवली होती का, जायच्या आधी?’’

‘‘नाही. मी लावली.’’

‘‘मेल्यावरही दाढी वाढते म्हणतात,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘कातडी आत ओढली जाते आणि कापायचे राहिलेले खुंट वर येतात, म्हणून तसं वाटतं. मी इतक्यांची केली, दुसऱ्या दिवशी काही ना काही हाताला लागतंच. इथे एकही नाही, वहिनी. तुम्ही काहीच शिल्लक ठेवलं नाहीत.’’

त्याने कौतुकाने म्हटलं होतं. मी पुढे झाले आणि सेइकिचीच्या गालावर हात ठेवला. थंड होता, आणि काल सकाळी सोडला तसाच गुळगुळीत. लग्न झाल्यापासून हा गाल एवढा वेळ गुळगुळीत राहिलेला मी पाहिला नव्हता. बोटं उलटी फिरवली. हनुवटीखाली पाहिलं, ओठांच्या कडेला, गळ्याच्या घाटीपाशी, जिथे नवशिक्याकडून हमखास राहतं तिथे. झाकण घेऊन माणसं थांबली होती, कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला, आणि मी अजून एक तरी खुंट सापडतो का ते शोधत होते.